रझाकार या शब्दाची कैफियत

मी एक जुना शब्द आहे. तुम्ही म्हणाल, शब्दाला कसलं आलंय आत्मवृत्त? आत्मवृत्त छत्रीचं असतं, शाळेतल्या फळ्याचं असतं, थकलेल्या बैलाचं असतं. मग माझंच का नसावं? मीही जन्मलो, राबलो, चार दिवस कौतुकाचे पाहिले आणि मग लाथाडला गेलो. छत्री मोडली की अडगळीत पडते आणि सुटते बिचारी. मला मोडून पडायचीही सोय नाही. माणसं बोलतात तोवर मला जगणं भाग आहे.

माझं नाव रझाकार. बघा, नाव काढताच तुमच्यातल्या काहींनी तोंड वाकडं केलं. करा खुशाल, मला सवय आहे. आणि मित्रांनो, मी स्वतःची कड घ्यायला आलोय असंही समजू नका. माझ्यामुळं एका माणसाचा जीव गेला आणि त्याचं नाव मातीला मिळालं. पाशामियाँ पिंजारी त्याचं नाव. जीव तर परत मिळत नाही, पण नाव तरी परत मिळावं म्हणून त्याची बायको जमिलाबी अख्ख्या गावाशी झगडली. तिला ते मिळालं का, एवढंच मला सांगायचं आहे. माझं नाव ज्याच्या तोंडून निघतं त्याच्याजवळ मी हजर असतो, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं आहे.

आधी जन्माचं सांगतो. माझे आईबाप म्हणजे दोन शब्द. रझा म्हणजे मर्जी, राजीखुशी. तुम्ही साहेबाकडं रजा मागता ना, ती आमच्याच घराण्यातली. आणि कार म्हणजे काम करणारा. हुकमावाचून, मोबदल्यावाचून, स्वतःच्या खुशीनं जो दुसऱ्याच्या उपयोगी पडतो तो रझाकार. एवढा साधा, गरीब अर्थ होता माझा. त्यात बंदूक नव्हती, दरारा नव्हता, काहीच नव्हतं.

अरबस्तान आणि इराणच्या वाटेनं मी हैदराबादेला आलो. तेव्हा तुमच्या धाराशिवचं नाव उस्मानाबाद होतं आणि राज्य निजामाचं होतं. कचेरी उर्दूत, शाळा उर्दूत. त्यामुळं मलाही मास्तर लोकांच्या बरोबर खेडोपाडी हिंडावं लागलं. नळदुर्ग आणि जळकोटच्या मधे सडक सोडून थोडं आत एक गाव आहे. तिथल्या शाळेवर जैनोद्दीन मास्तर होते, त्यांच्या तोंडून मी त्या गावात शिरलो. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. सांगितलं तर तिथली म्हातारी माणसं अजून खाली मान घालतील.

एका उन्हाळ्यात त्या गावात पटकी आली. पटकी म्हणजे कॉलरा. विहिरींनी तळ गाठलेला, पाणी गढूळ. सकाळी रानात औत हाकणारा माणूस दिवस मावळेतो अंगणात आडवा पडलेला असायचा. ज्यांच्याकडं गाडीबैल होते ते रानात जाऊन राहिले, उरलेल्यांनी दारं लावून घेतली. सख्खा भाऊ भावाच्या उंबऱ्यावर पाय ठेवीना. अशा वेळी पाशामियाँ घराबाहेर पडला.

तो जातीचा पिंजारी. खांद्यावर पिंजणाची मोठी कमान घेऊन घरोघर जायचा आणि तिच्या तातीवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, कापूस पिंजून द्यायचा. कुणाच्या लेकीच्या लग्नाची गादी, कुणाच्या बाळंतिणीची उशी, सगळ्या गावाचा कापूस त्याच्या हातून मोकळा व्हायचा. त्यामुळं कुठल्या घरात माणसं किती आणि म्हातारी माणसं कुठल्या सोप्यात निजतात हे त्याला तोंडपाठ होतं. त्या साथीत हेच कामी आलं. सकाळ झाली की तो दारोदार हाका मारत जायचा, आणि ज्या घरातून ओ येत नसे तिथं सरळ आत शिरायचा. पडलेल्याचं धुवायचा, पुसायचा, उकळलेलं पाणी पाजायचा. नळदुर्गच्या दवाखान्यातून लाल औषध आणून विहिरीत सोडायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जमिलाबी घरी चूल पेटती ठेवून हंड्यामागून हंडे पाणी उकळून देत होती.

त्या साथीत लिंबाजी नावाचा शेतकरी गेला. त्याची बायको तुळजाबाई, आणि मुलगा बलभीम, त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. मायलेक प्रेताजवळ बसून राहिले, पण भाऊबंदांतला एकही जण उठेना. शेवटी पाशामियाँ आला आणि जैनोद्दीन मास्तरांना घेऊन आला. दोघं ते आणि तिसरा बलभीम. चौथा खांदा काही केल्या मिळेना, तेव्हा तुळजाबाईनं पदर खोचला आणि नवऱ्याच्या तिरडीला स्वतः खांदा दिला. त्या दिवसापासून ती पाशामियाँला भाऊ म्हणायला लागली. जमिलाबी तिला तुळजाक्का म्हणायची.

साथ ओसरली तशी माणसं रानातून परत आली. चावडीत गाव जमलं, तेव्हा जैनोद्दीन मास्तर आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले की अशा माणसाला आमच्या भाषेत रझाकार म्हणतात, आणि मग माझा अर्थ समजावून सांगितला. लोकांना मी आवडलो. गावचे पाटील हिंमतराव उठले आणि स्वतःच्या हातानं पाशामियाँला फेटा बांधून म्हणाले की हा आमच्या गावचा रजाकार. ते 'झ' म्हणत नसत, 'ज' म्हणत. मला कसलं वाईट वाटतंय? गरिबाच्या पोराला कुणी लाडानं काहीही हाक मारावी.

मित्रांनो, तेवढेच माझे सुखाचे दिवस. लग्नाच्या पंगतीत पोरं वाढायला लागली की बायका म्हणायच्या, रजाकार आले बघा. एखाद्या पोरानं न सांगता म्हातारीची घागर उचलून दिली की ती म्हणायची, माझा रजाकार गं बाई. त्यात हिंदू पोरं होती, मुसलमान पोरं होती. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. शब्दाला आणखी काय हवं असतं?

पण आयत्या बिळावर नागोबा येतोच. हैदराबादेत माणसं जमली, त्यांनी गणवेश शिवले, बंदुका आणि भाले घेतले, आणि फौजेला नाव हवं म्हणून मला उचललं. मला कुणी विचारलं नाही. ज्या शब्दात खुशी होती त्याच शब्दाच्या नावानं सक्ती सुरू झाली. निजामाचं राज्य टिकवायचं म्हणून ही टोळकी खेडोपाडी हिंडायला लागली. कडब्याच्या गंजी पेटवल्या, घरं लुटली, बायाबापड्यांची अब्रू घेतली, माणसं मारली. आणि करणाऱ्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर मी. मला लाज वाटत होती, पण शब्दाच्या लाजेला विचारतो कोण? ज्यांची घरं जळली त्यांनी माझा तिरस्कार केला, आणि तो खरा होता. त्याबद्दल माझी कुणाकडं तक्रार नाही.

एक दिवस त्यांची मोटार त्या गावात आली. हिंमतराव पाटलांनी बोकड कापला आणि आपल्या ओसरीवर पंगत घातली. भीतीपोटी घातली, हे मी ओळखून आहे. भीती कुणाला चुकली आहे? जेवण झाल्यावर बिल्लेवाल्यांनी सगळा गाव चावडीपुढं बसवला. या गावात आधीपासून एक रझाकार आहे असं त्यांनी ऐकलं होतं, म्हणून त्यांनी पाशामियाँला पुढं बोलावलं. तुझं नाव तर आहेच, आता हा गणवेश घाल, असं त्यांचा म्होरक्या म्हणाला.

पाशामियाँ म्हणाला, "नहीं साब. रझाकार अपनी रझा से काम करता. इसमें मेरी रझा नहीं."

म्होरक्यानं सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याच्या दारातून पिंजणाची कमान आणवली आणि चावडीच्या दगडावर आपटून तिचे दोन तुकडे केले. पिंजाऱ्याची कमान मोडणं म्हणजे त्याच्या हातातली भाकर काढून घेणं. सगळा गाव बघत होता. हिंमतराव विड्याचं तबक हातात धरून उभे होते. बलभीम तिथंच पुढं बसला होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढं सगळे म्हणणार होते की आम्हाला काय ठाऊक.

त्यानंतर बलभीमाच्या डोक्यात राख गेली. सरहद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांचे कॅम्प होते, तिकडं जायचं त्यानं ठरवलं. पण नाक्यावर पहारा होता आणि तरण्या पोराला सोडत नव्हते. तेव्हा पाशामियाँनं मागून आणलेल्या गाडीत कापूस भरला आणि बलभीमाला त्या कापसाखाली झोपवलं. नाक्यावर अडवलं, तेव्हा तो म्हणाला की मी अमक्या गावचा रझाकार, माझा कापूस आहे, पलीकडं पोचवायचाय. त्यांनी गाडी सोडली. पाशामियाँनं स्वतःला रझाकार म्हणवलं ते त्या एकाच वेळी, एका पोराचा जीव वाचवायला. कापसाखाली पडल्या पडल्या बलभीमानं ते ऐकलं होतं.

मग अठ्ठेचाळीस सालचा भादवा उजाडला. सोलापूरच्या सडकेनं हिंदी फौजेच्या मोटारी नळदुर्गावरून पुढं गेल्या आणि थोड्या दिवसांत निजामाचं राज्य संपलं. बिल्लेवाले बहाद्दर कुठं गेले म्हणता? कुणी गणवेश विहिरीत टाकले, कुणी मिशा काढल्या, कुणी हैदराबाद गाठलं. ज्या बड्या लोकांनी ही फौज उभी केली त्यांतले बहुतेक आपापल्या हवेल्यांत सुखरूप होते. मागं राहिला नुसता मी, आणि मला कुणाच्या तरी कपाळी चिकटवायला लोक हिंडत होते. ज्यांनी सोसलं होतं त्यांचा राग खरा होता. पण रागाला डोळे नसतात, आणि ज्याला स्वतःचं काही झाकायचं असतं तो रागाला बरोबर बोट धरून नेतो.

आजूबाजूच्या गावांतून एक जमाव आला. हातात कुऱ्हाडी आणि काठ्या. त्यांच्याबरोबर बलभीम होता, कारण तो याच गावचा आणि कॅम्पात राहून आलेला. जमावानं चावडीत येऊन विचारलं की तुमच्यात रझाकार कोण. हिंमतराव पाटलांनी आधी आपल्या ओसरीकडं पाहिलं. पंगत कुणाच्या ओसरीवर झाली हे पोराटोरांना ठाऊक होतं. आता कुणीतरी नाव काढील आणि आपला नंबर लागेल. त्यांनी हात उचलला आणि पाशामियाँच्या घराकडं बोट केलं. तोच हात, ज्यानं फेटा बांधला होता. गरज सरो वैद्य मरो म्हणतात ते असं.

पाशामियाँ स्वतःच बाहेर आला. बलभीमाला बघून त्याचा चेहरा उजळला. "आलास का बाबा? बरा हायेस न्हवं?" असं त्यानं विचारलं. जमावातला एकजण बलभीमाकडं वळून म्हणाला की तू इथला आहेस, तूच सांग, हा रझाकार आहे का.

मित्रांनो, मी तेव्हा तिथं त्या प्रश्नातच उभा होतो. माझा जुना अर्थ बलभीमाला ठाऊक होता, नवा अर्थही ठाऊक होता, आणि विचारणारा कुठल्या अर्थानं विचारतोय हेही ठाऊक होतं. कुणाचा काडीचाही गैरसमज झालेला नव्हता. त्यानं फक्त नाही म्हणायचं होतं. पण ज्यानं मुसलमानाची बाजू घेतली त्यालाच रझाकाराचा पित्त्या म्हणायचे ते दिवस. बलभीमानं पाटलाकडं पाहिलं, कुऱ्हाडींकडं पाहिलं, मग पायाकडं पाहिलं आणि मूग गिळून बसला. न बोलणं म्हणजे होय, असं त्यांनी धरलं. पाशामियाँला ओढ्याकडं नेलं. जमिलाबी मागं धावली, तिला बायकांनी धरून ठेवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण तुम्ही पुस्तकात पाठ करता. मी ती ओढ्याच्या काठावर होताना पाहिली.

आमच्याकडं ज्या घरी माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात, तिला कडू भाकर म्हणतात. पाशामियाँच्या घरी कुणी कडू भाकर आणली नाही. पटकीत ज्यांच्या घरच्यांचं त्यानं धुतलं-पुसलं होतं त्यांनी तर दारंच लावून घेतली. गावातली बाकीची मुसलमान घरं, जैनोद्दीन मास्तरांसकट, नळदुर्गाकडं निघून गेली. जमिलाबी आणि तिची लेक रजिया दोघीच त्या घरात राहिल्या.

तुळजाबाई तेव्हा लोहाऱ्याला बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. सडका मोकळ्या झाल्यावर ती परत आली आणि वेशीतच तिला कळलं. ती घरी गेली नाही. वेशीजवळच्या एका घरी बसून तिनं पिठलं-भाकरी केली आणि भर दिवसा, गावाच्या मधल्या रस्त्यानं, डोक्यावर पाटी घेऊन जमिलाबीच्या दारात गेली. दोघी बाया गळ्यात पडून खूप रडल्या. मग जमिलाबीनं पाटी बाजूला सारली.

ती म्हणाली, "भाकर नको, अक्का. माझ्या माणसाचं नाव तेवढं मला परत आणून द्या."

तिचं मागणं एवढंच होतं. चावडीत चार माणसांसमोर कुणीतरी म्हणावं की पाशामियाँ त्या लोकांतला नव्हता. त्यासाठी ती पाटलाकडं गेली. पाटील म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं, आता उकरून काय उपयोग. ती ज्यांच्या घरच्यांना पाशामियाँनं पाणी पाजलं होतं त्यांच्याकडं गेली. ते म्हणाले, बाई, आमाला कशाला मधी घेता. नातेवाइकांनी तिला हैदराबादेला बोलावलं, पण ती गेली नाही. आपण गेलो तर लोक म्हणतील की होताच, म्हणून पळाले, असं ती रजियाला सांगायची. गोधड्या शिवून तिनं पोट भरलं. आणि गंमत बघा, गोधड्या तिच्याकडून शिवून घ्यायला कुणाला काही वाटत नव्हतं.

इकडं माझा धंदा जोरात चालला होता. दुसऱ्याच्या पिकात घुसणाऱ्या वळूला रजाकार म्हणायचे. दांडगट सासूला रजाकार म्हणायचे. पोरगं जेवत नसलं की आया म्हणायच्या, गप खा, न्हायतर रजाकार येईल. भांडणात दुसरी शिवी सुचली नाही की मला फेकून मारायचे. माणसाच्या जिभेला हाड नसतं, म्हणून माझ्या अंगावर एक हाड राहिलं नाही. रजिया विहिरीवर गेली की पोरी कुजबुजायच्या, रजाकाराची लेक आली. मग ती विहिरीवर जायचीच बंद झाली. जमिलाबी भर दुपारी, विहिरीवर कुणी नसताना पाणी आणायची.

तुळजाबाईनं बलभीमाशी अबोला धरला. त्याला वाढायची, त्याची धोतरं धुवायची, पण एक शब्द बोलायची नाही. बलभीम आता गावात मोठा माणूस झाला होता. पोरं त्याला नमस्कार करायची. घरात मात्र भिंतींशी बोलायची पाळी त्याच्यावर आली. आईपुढं बसून एकदा तो म्हणाला की मी एकटा काय करणार होतो. तिनं ताट उचललं आणि आत गेली.

निजामाचं राज्य गेलं त्याला वर्ष झालं. चावडीपुढं तिरंगा लागला. सगळा गाव जमला. हिंमतराव पाटलांनी खादीची टोपी घातली होती, काय शोभून दिसत होती म्हणून सांगू. त्यांनी भाषण केलं की आपल्या गावानं रजाकारांचे फार अत्याचार सोसले आणि बलभीमासारख्या वाघानं आपल्याला त्यातून सोडवलं. मग ते हार घेऊन बलभीमाकडं वळले. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून तुळजाबाई उठली.

ती तुळजापूरच्या देवीची आराधीण होती. गळ्यात कवड्यांची माळ, हातात देवीची परडी. मंगळवारी आणि शुक्रवारी ती त्या परडीत जोगवा मागायची, आणि जमिलाबीही त्यात मूठभर पीठ घालायची. त्या भागात एक रीत आहे. आराधिणीनं परडी पुढं ठेवून विचारलं तर परडीवर हात ठेवून खरं सांगायचं. खोटं बोललं तर देवी वंश ठेवत नाही असं मानतात. तुळजाबाईनं ती परडी उचलून आपल्या लेकापुढं ठेवली. जमिलाबीला तिनं हाताला धरून पुढं आणलं होतं.

हिंमतराव म्हणाले, "तुळजाबाई, आजच्या दिवशी रजाकाराची कड घेता?"

झालं. खरं विचारायला निघालेल्या बाईच्या अंगावरही मलाच फेकलं. पण तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. वर्षभरानं ती लेकाशी पहिल्यांदा बोलली.

"ठेव हात. ह्या बाईचा मालक त्या लोकांतला व्हता का? माझ्याकडं बघू नगं, तिच्याकडं बघून सांग."

हार घेतलेले पाटील तसेच उभे. बलभीमानं परडीवर हात ठेवला.

"न्हवता," तो म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "पाशामियाँ चाचा रजाकार न्हवता. मला ठावं व्हतं. समद्यांला ठावं व्हतं."

मित्रांनो, माझी दैना बघा. माझ्या खऱ्या अर्थानं त्या गावात एकच रझाकार होऊन गेला, आणि त्याचं नाव स्वच्छ करायला तो रझाकार नव्हता असं देवीपुढं सांगावं लागलं. ज्यानं मला मोठं केलं त्याच्या अंगावरून मला घाण म्हणून पुसून काढलं, आणि ते बरोबरच होतं. मला तेव्हा रडू आलं असतं, पण शब्दाला रडता येत नाही.

सगळ्यांना वाटलं जमिलाबी आता रडेल, नाहीतर शिव्याशाप देईल. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बलभीमाजवळ जाऊन त्याच्याकडं नीट पाहिलं.

ती म्हणाली, "त्या दिवशी एवढंच म्हनायचं व्हतं, बाबा."

आणि रजियाला घेऊन ती घरी गेली. त्याच महिन्यात दोघींनी गाव सोडलं आणि हैदराबादेला नातेवाइकांकडं गेल्या. आता पळाले म्हणायची कुणाची टाप नव्हती. बलभीमानं हार घेतला नाही. हिंमतरावांनी तो झेंड्याच्या खांबाला अडकवला आणि पुढं टोपी घालून बरीच वर्षं मिरवले.

तुम्ही विचाराल, मग नाव परत मिळालं ना? मिळालं म्हणायचं. एका दिवसापुरतं, एका चावडीपुरतं. कारण चावडीत बोललेलं माणसं विसरतात आणि गल्लीत बोललेलं धरून ठेवतात. जमिलाबीचं घर पुढं पडलं. त्याच्या पांढऱ्या मातीच्या ढिगावर पोरं खेळतात. परगावचा कुणी वाट विचारत आला की त्याला खूण सांगतात, रजाकाराच्या घरापासून डाव्या हाताला वळा. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. त्याच्या आज्याला पटकीत पाणी कुणी पाजलं होतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

माझी तुमच्याकडं एक विनवणी आहे. मला धुऊन पुसून पुन्हा चांगलं करा असं मी म्हणत नाही. ज्यांची घरं माझ्या नावानं जळली त्यांनी मला माफ करावं असंही म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या अंगावर एखादा शब्द टाकताना तो माणूस कोण आहे ते आधी आठवा, आणि आठवूनही तुमच्या शेजारचा कुणी तो टाकत असेल तर त्याच वेळी नाही म्हणा. वर्षानं नको.

आणि कधी नळदुर्ग-जळकोटच्या सडकेनं आत वळलात, त्या गावात गेलात, आणि कुणी तुम्हाला त्या ढिगाची खूण सांगितली, तर एवढं करा. त्याला म्हणा की ते पाशामियाँ पिंजाऱ्याचं घर आहे. तिथं माझं नाव काढू नका.